घराला आलेला दात

माझी आई उंबऱ्यावर राहायची. म्हणजे आम्हाला घर होतं, अंबरनाथला, चाळीतल्या दोन खोल्यांचं. पण सकाळच्या भाकऱ्या आटोपल्या की आई जी उंबऱ्यावर येऊन बसायची, ती ऊन समोरच्या चाळीमागे जाईपर्यंत उठायची नाही. कारण साधं होतं. आमच्या घरात उजेड दारातून यायचा आणि दारातच संपायचा. आतल्या खोलीत भरदुपारीही मिठाचा डबा हाताने चाचपून शोधावा लागे, आणि मी तर एकदा चहात मीठ घालून पाहुण्यांना दिलं होतं.

आईचं कामच असं होतं की त्याला उजेड हवाच. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका सिंधी शेठचं कोट शिवायचं दुकान होतं. वकिलांचे कोट, रेल्वेच्या टीसींचे कोट, म्हणजे सगळे काळे. बेतणं आणि शिवणं दुकानातले मास्तर करायचे. काजं मात्र आईकडे यायची. काज म्हणजे बटण जिच्यातून जातं ती चीर. तिच्या कडेने एकाला एक चिकटून टाके घालायचे, म्हणजे कापड उसवत नाही. हे काम मशीनवरही होतं, पण हाताचं काज बघून गिऱ्हाईक खुलतं असं शेठचं म्हणणं होतं. तेव्हा आई काळ्या कापडावर काळ्या धाग्याने टाके घालत बसायची. त्यात तिचा एक नियम होता: टाका घालणारीला दिसला पाहिजे, आणि कोट घालणाऱ्याला दिसता कामा नये. त्याला नुसती एक गुळगुळीत रेघ दिसायची.

शेजारच्या काकू म्हणायच्या, "उंबऱ्यावर बसू नये गं, लक्ष्मी अडते." आम्ही बौद्ध. आमच्याकडे लक्ष्मीची वाट कुणी फारशी बघत नसे. आई सुईत धागा ओवता ओवता म्हणायची, "तिला म्हणावं, उडी मारून ये. मी सरकणार नाही." आणि खरंच सरकायची नाही. आम्ही सगळे तिच्यावरून ढांगा टाकत घरात ये-जा करायचो.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी मुंबईला आर्किटेक्चर शिकत होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच, त्यामुळे माझं नाक जरा वर असायचं, आणि त्या नाकावर राग. पप्पा अंबरनाथच्याच फॅक्टरीत फिटर. मी आर्किटेक्ट होणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण हाक मारताना म्हणायचे "इंजिनियर". मी चिडून दुरुस्त करायचे. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा "इंजिनियर, पाणी आण" म्हणायचे.

त्याच सुमाराला आईच्या टाक्यांची रांग बिघडायला लागली. डॉक्टरांनी चष्मा दिला, नंबर वाढवला, मग हात टेकले आणि म्हणाले, डोळ्यांत बाकी काही नाही, चांगल्या उजेडात बसत चला. शेठ भला माणूस, आईला 'अदी' म्हणायचा, म्हणजे सिंधीत ताई. पण धंदा तो धंदा. एक दिवस कोट परत देताना तो म्हणाला, "अदी, बुरा मत मानना. तुमचं नवीन घर होऊ दे, तिथे बघू. नहीं जमा तो मी काजं मशीनपे टाकतो."

आई हसली. पण घरी आल्यावर ती बराच वेळ सुईची डबी उघडत-मिटत बसली. हे काम गेलं तर दुसरं मिळालं असतं, पण तिला दुसरं नको होतं. काज हा तिचा अभिमान होता. कोर्टात उभ्या असलेल्या वकिलाच्या पोटावर आपली कारागिरी बसलेली असते, हे ती आल्यागेल्याला सांगायची.

नवीन घर बदलापूरला होणार होतं. गावाला लागून पप्पांनी एक जागा घेऊन ठेवली होती, लांबट आणि अरुंद. डावी-उजवीकडे आधीच उभी असलेली कौलारू घरं, भिंतीला भिंत. मागे एका गोदामाची उंच भिंत. समोर रस्ता, तोही पश्चिमेला, म्हणजे सकाळी काळोख आणि संध्याकाळी भाजून काढणारं ऊन. घर पाहावं बांधून म्हणतात ते उगाच नाही. मी जागा चारी बाजूंनी फिरून बघितली. तिथे सरळ घर बांधलं असतं तर आई पुन्हा उंबऱ्यावरच आली असती, फक्त अंबरनाथच्या ऐवजी बदलापूरच्या.

कॉलेजात आमचे एक सर उजेड शिकवायचे. त्यांचं एक वाक्य मला फार आवडायचं. ते म्हणायचे, उजेडाला लहान-मोठं कळत नाही. खोलीचं पाटाएवढं मॉडेल केलंत आणि त्याला खिडक्या त्याच मापात कापल्यात, तर आत जो उजेड पडेल तोच उद्या खऱ्या खोलीत पडेल. शितावरून भाताची परीक्षा. फक्त मॉडेल आकाशाखाली ठेवून भागत नाही, कारण आकाश लहरी. आत्ता ढग, मग ऊन. म्हणून परदेशात खोटं आकाश करतात. एक खोली, चारी भिंतींना आरसे, वरून पांढऱ्या पडद्यातून गाळलेला उजेड. आरशांत तो पडदा पुढेपुढे पसरत जातो आणि मॉडेलला वाटतं आपण खरोखरच उघड्यावर आहोत. आमच्या कॉलेजात तसलं काही नव्हतं. सरांनी फळ्यावर चित्र काढलं होतं, तेवढंच.

ते चित्र मी जेवताना पप्पांना समजावत होते. आई मध्येच म्हणाली, "शेठच्या ट्रायल रूमसारखं आहे की."

मी घास तसाच ठेवला. शेठच्या दुकानात कोट घालून बघायची खोली होती, तिच्या तिन्ही भिंतींना आरसे आणि दाराच्या आतल्या बाजूलाही आरसा. गिऱ्हाइकाला आपली पाठ दिसावी म्हणून. वर छत नव्हतंच, दुकानाच्या ट्यूबलाइटा थेट आत दिसायच्या. उल्हासनगरात खोटं आकाश तयार उभं होतं आणि लोक त्यात पँटी बदलत होते.

शेठला विचारलं. त्याला आधी काही उमजेना. मी दोनदा समजावल्यावर तो म्हणाला, "म्हणजे घर बांधायच्या आधी घराचं ट्रायल?"

"हो."

"मग बरोबर जागी आलीस. कोटाचं ट्रायल होतं, घराचं का नको? दुकान बंद असेल त्या दिवशी ये."

तो दिवस आठवला की मला अजून हसू येतं. आम्ही तिघं पांढऱ्या पुठ्ठ्याचं मॉडेल सांभाळत कॅम्प पाचात पोचलो. शेठने ट्यूबांच्या खाली पांढरी मलमल ताणून बांधली. खोलीच्या मधोमध स्टुलावर मॉडेल. त्याच्या आत जमिनीवर मी आईने केलेल्या एका खऱ्या काजाचा तुकडा ठेवला, काळ्यावर काळं. मॉडेलच्या मागच्या भिंतीला एक भोक पाडलं होतं. आई खाली बसली, डोक्यावरून कोटाच्या अस्तराचं काळं कापड घेतलं, पूर्वीचे फोटोग्राफर घ्यायचे तसं, आणि भोकाला डोळा लावला. उजेड मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, आणि असतं तरी ते काजं करत नव्हतं. ज्या डोळ्यांसाठी घर बांधायचं ते डोळेच भोकाला लावलेले बरे.

"दिसतंय?" मी विचारलं.

"काय दिसायचंय? घरी दिसतं तेवढंच."

तेव्हा मॉडेलला फक्त रस्त्याकडची खिडकी होती. मग पप्पांनी ब्लेडने छपरालाच चौकोनी भोक पाडलं. सर म्हणाले होते तसं, वरचा उजेड सगळ्यात जास्त.

"आई गं!" आतून आवाज आला. "आता लख्ख! टाका न् टाका दिसतोय."

आम्ही टाळ्या वाजवणारच होतो, पण मला सूर्याची आठवण झाली. आकाश झालं, सूर्य राहिला होता. पप्पांना टॉर्च दिला आणि सांगितलं, तुम्ही सूर्य. पूर्वेला उगवा, दक्षिणेकडून फिरा, पश्चिमेला मावळा. पप्पा अगदी गंभीरपणे आरशाच्या कोपऱ्यातून उगवले. चारी आरशांत चार पप्पा चार टॉर्च घेऊन उगवले. शेठ खुर्चीवर बसून पोट धरून हसत होता. सूर्य डोक्यावर आला मात्र, आई कापडातून ओरडली, "बंद करा! डोळ्यांत जातंय! उजेड आहे पण बोचतोय. सुई चमकते आणि बाकी काहीच दिसत नाही."

तेव्हा मला पहिल्यांदा नीट समजलं की भरपूर उजेड आणि डोळ्यांना सुखाचा उजेड यांत फरक असतो. पुस्तकात हे वाचून मी त्यावर मार्कसुद्धा मिळवले होते. पण आई डोळे चोळत कापडाबाहेर आली, चष्मा पुसला, तेव्हा ते मनात उतरलं.

मग मी ते भोक बुजवून छपराचा तेवढा भाग उचलला. दक्षिणेकडून चढत जाणारा उतार, आणि उत्तरेला ताठ उभी काच. सूर्य आपल्याकडे बहुतेक वर्षभर दक्षिणेकडून जातो, म्हणजे ऊन उतारावर पडणार आणि काचेतून फक्त आकाशाचा शांत उजेड आत येणार. पप्पांनी मॉडेल हातात घेऊन फिरवून बघितलं.

"अरे, हे तर आमच्या शॉपचं छप्पर!" शॉप म्हणजे फॅक्टरीतला त्यांचा कारखाना, ज्याचं छप्पर लांबून करवतीच्या दातांसारखं दिसायचं. "आयुष्य गेलं त्याच्याखाली. तुझ्या आईला एवढी वर्षं काळोखात बसवून मी तिकडे मजेत उजेडात बसत होतो की काय?"

"मग आता एक दात घरी आणा," आई म्हणाली आणि पुन्हा कापडात शिरली.

सूर्य पुन्हा उगवला. फिरला. मावळला. आतून काही आवाज नाही. मी घाबरून विचारलं, "आई, दिसतंय?"

"दिसतंय." मग जरा वेळाने, "सूर्य कधी उगवणार पण?"

"मावळला!" पप्पा म्हणाले.

शेठ खुर्चीवरून उठून म्हणाला, "चंगो!" सिंधीत म्हणजे छान. त्याने मलमल सोडताना बजावलं, "पण अदी, मी कोट बघून ठरवणार. डब्बा बघून नाही."

घर बांधायला घेतलं. गवंडी दाताच्या नावाने रोज कपाळ बडवायचा, पाणी गळेल म्हणून शाप द्यायचा. पप्पांनी फॅक्टरीत छपराच्या सांध्यांना काय लावतात ते विचारून आणलं आणि त्याला गप्प केलं. स्लॅबच्या वर तो तिरपा उंचवटा उभा राहिला तेव्हा बदलापूरकर थांबून बघायचे. "घराला दात आलाय," कुणीतरी म्हणालं, आणि तेच नाव पडलं. पत्ता सांगताना लोक सांगायचे, गावाकडे जा, दाताच्या घराच्या पुढचं दुकान. मी वरकरणी रागवायचे. आतून इतकी खूश होते की कॉलेजातल्या मैत्रिणींना दातावाचून दुसरं काही ऐकवत नव्हते.

घरात राहायला जायचं ठरलं मार्चअखेर, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी. नेमकी तेव्हाच आमच्या कॉलेजची टूर निघाली, गुजरातेत, जुन्या-नव्या इमारती बघायला. आत चुना मारायचा राहिला होता. मी पप्पांना म्हटलं, तेवढं उरकून घ्या, मी येतेच. आणि टूरवर जाऊन मी लोकांच्या इमारतींतल्या उजेडाचे फोटो काढत फिरले. दिव्याखाली अंधार कसा असतो ते मला परत आल्यावर कळलं.

परतले ती थेट बदलापूरला. दुपार कलली होती. वळणावरूनच मला घर दिसलं, दात दिसला, ऊर भरून आला. आणि मग दिसली आई. ती उंबऱ्यावर बसली होती. नव्या घराच्या नव्या उंबऱ्यावर, पश्चिमेचं ऊन तोंडावर घेत, डोळे बारीक करून, मांडीवर काळा कोट.

मी तिच्यावरून ढांग टाकून आत गेले.

आतली खोली निळी होती. फिकी नाही, गडद. चारी भिंती, छत, दाताच्या आतली बाजू, सगळं निळंशार. पप्पा मधोमध उभे होते, कोपरांपर्यंत निळे, केसांत निळे ठिपके. विहारातले त्यांचे दोस्त मदतीला आले होते, तेही निळे. जयंतीच्या स्टेजला रंग आणला होता, त्यात अजून घालून सगळ्यांनी मिळून खोली रंगवली होती.

"कसं वाटतंय, इंजिनियर? तुझ्या आईची खोली! सरप्राइज!"

बाहेरच्यांना हे सांगून कळणार नाही. आमच्यात निळा हा निव्वळ रंग नसतो. तो आमचा झेंडा, आमची जयंती. ज्या भाड्याच्या खोलीत मालक खिळासुद्धा ठोकू देत नव्हता, तिथून निघून स्वतःच्या भिंतीवर पहिला रंग कुठला लावायचा, हा पप्पांना प्रश्नच पडला नव्हता. अशी चूक करायला आमच्याच माणसांचं काळीज लागतं. आणि मॉडेल मी केलं होतं पांढऱ्या पुठ्ठ्याचं. दातातून येणारा उजेड पांढऱ्या भिंतींवरून उड्या मारत खाली येणार, हा सगळा हिशेब. निळ्या भिंती तो वरच्या वर गिळून बसल्या होत्या. खोली दिसत होती सुंदर, अगदी दिवेलागणीच्या आभाळासारखी. पण दिवेलागणीला काजं होत नाहीत.

माझा पारा चढला. तोंड उघडणार तेवढ्यात मागून कोपराला असा चिमटा बसला की डोळ्यांत पाणी आलं. आई आत आली होती. ती मला ओढत मोरीत घेऊन गेली.

"एक शब्द बोललीस तर बघ."

"अगं पण तुला दिसत नाहीये!"

"होईल सवय."

"अंधाराची सवय होत नाही, चष्म्याचा नंबर वाढतो!"

"हळू बोल. दोन दिवस शिडीवरून उतरले नाहीत ते. जेवले पण शिडीवर. गाणी म्हणत रंगवलंय." मग ती मान फिरवून म्हणाली, "मला उंबरा आहे की."

त्या 'उंबरा आहे की'ने माझा राग कुठच्या कुठे गेला आणि मला नुसतं रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तयार कोट पोचवायला मी कॅम्प पाचला गेले. शेठने एक कोट उजेडात धरला, काजावरून अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवला. मग दुसरा, तोही बाजूला. "बेटी," तो म्हणाला, "घर तर झालं ना?"

मी त्याला सगळं सांगितलं. निळ्या रंगाचं, शिडीवरच्या जेवणाचं, मोरीतल्या चिमट्याचं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला. "तुझे पप्पा फॅक्टरीवाले आहेत ना? तोंडाने सांगू नको. ट्रायल दाखव." आणि त्याने शोकेसकडे बोट दाखवलं. आमचं मॉडेल त्याने तिथे ठेवलं होतं, कोट घातलेल्या पुतळ्याच्या पायाशी.

पुढच्या बंदच्या दिवशी मी पप्पांना म्हटलं, जरा एक ट्रायल घ्यायचीय, चला. मी सूर्यासाठी नेतेय असं समजून ते टॉर्च घेऊनच निघाले. आईला आम्ही सांगितलं नाही. शेठने मलमल बांधून ठेवली होती. मी मॉडेलच्या आतून निळा पतंगाचा कागद चिकटवला होता, खोलीइतकाच निळा, आणि काजाचा तुकडा त्याच जागी ठेवला होता.

"आज सूर्याला सुट्टी," मी म्हटलं. "तुम्ही बघा."

पप्पांनी काळं कापड डोक्यावर घेतलं, डोळा लावला. "वा! आपलीच खोली!" मग थोडा वेळ गेला. "इंजिनियर, काज ठेवायला विसरलीस."

"ठेवलंय."

"कुठे? नाहीये."

"आहे पप्पा. नीट बघा."

ते वाकडे झाले, चष्मा वर केला, खाली केला. मी हात घालून छताचा आणि भिंतींचा कागद टरकावून काढला. आत पुन्हा पांढरा पुठ्ठा आला. पप्पांनी डोळा भोकाच्या आणखी जवळ नेला. कितीतरी वेळ ते बाहेरच आले नाहीत. शेठ उगाच कैची पुसत बसला.

"एवढं बारीक असतं होय हे," कापडातून आवाज आला. इतकी वर्षं ते तिच्यावरून ढांग टाकून ड्यूटीला गेले होते, आणि एक काज असं डोळा लावून कधी बघितलं नव्हतं. मग ते बाहेर आले. डोळे ओले होते, आणि ते लपवायची त्यांनी खटपटही केली नाही. "मला बोलली नाही ती. उंबऱ्यावर वारा लागतो म्हणाली."

परतताना आम्ही चुन्याच्या पिशव्या घेतल्या. आईने त्या बघितल्या आणि ती दारातच आडवी आली. "निळ्यावर चुना? जयंतीच्या तोंडावर? लोक काय म्हणतील?"

"लोकांना आतलं कुठे दिसतंय?" पप्पा म्हणाले. "तेच तर चुकलं. आपला रंग आत कोंडून काय करायचाय? बाहेर लावतो. सगळ्या बदलापूरला दिसू दे."

आणि दिसला. उरलेला सगळा निळा दाताच्या पाठीवर चढला, जिथे ऊन पडतं तिथे. आत मात्र चुन्याचे हात मारून मारून आमचे दंड भरून आले, कारण तो निळा काही मुकाट्याने जाणारा नव्हता. अगदी शेवटीसुद्धा पांढऱ्यात त्याची पुसट झाक उरली, कपड्यांना नीळ दिल्यासारखी. मला ती आवडली. आवडली म्हणजे इतकी की नंतर मी कित्येक घरं आखली, पण तसा पांढरा मला पुन्हा जमला नाही.

भिंती सुकल्यावर आई दाताखाली सतरंजी टाकून बसली. मी दाराआडून बघत होते. राहवेना म्हणून विचारलं, "आई, दिसतंय?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तरी नाही. तिची सुई वर-खाली होत होती, खांदे सैल होते, आणि तिला माझा आवाज ऐकूच आला नव्हता. उंबऱ्यावर तिला रस्त्यावरचा चपलांचा आवाजसुद्धा ओळखता यायचा. माझा जीव भांड्यात पडला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच नाचले.

तयार कोट घेऊन मी गेले तेव्हा शेठने अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि सगळा गठ्ठा कपाटात ठेवला. मशीनचं नाव काढलं नाही. उलट कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "अदीला दे. पप्पांना नको दाखवू." त्यानंतर जयंतीपर्यंत आईने दाताखालच्या खोलीचं दार लोटून घेतलेलं असायचं आणि आत गेलं की ती मांडीवर चादर ओढायची.

जयंतीच्या दिवशी पप्पांनी एप्रिलच्या उन्हात मिरवणुकीत नाचतानासुद्धा अंगातला कोट काढला नाही, जेवतानाही नाही. पण ते नंतरचं. सकाळी वंदना झाली, पप्पा पांढऱ्या सदऱ्यात तयार होते. आईने त्यांना दाताखाली उभं केलं आणि चादर बाजूला केली. निळा कोट होता. कापड शेठचं, शिवण त्याच्या मास्तरांची, काजं आईची, निळ्यावर निळ्या धाग्याची. अख्ख्या गावच्या वकिलांना कोट पुरवणाऱ्या आमच्या घरात तोवर कुणीच कोट घातला नव्हता. आईने स्वतः बटणं लावली. पप्पा ट्रायल रूममधल्या गिऱ्हाइकासारखे ताठ उभे राहिले.

"बघा," ती म्हणाली, "टाका दिसतोय का?"

पप्पांनी चष्मा पुसला. कोटाची कड नाकाशी धरली. उत्तरेचा तो शांत उजेड वरून थेट काजांवर पडला होता.

"नाही गं. एकही दिसत नाही."

"मला दिसला," आई म्हणाली. "एकूण एक."